चहापाण्यातलं पाणी

आमच्या घरात एक वाक्य आहे, माझ्याहून वयानं मोठं. "वहिनीच्या हाताला सगळ्याची चव आहे, एक चहा सोडून." हे माझ्या आत्याचं. मूळ वाक्य आजीचं होतं आणि ते इतकं गोड नव्हतं. आजी गेल्यावर आत्यानं ते जरा मवाळ करून पुढं चालवलं. दिवाळी असो, बारसं असो की तेरावं, आत्या निलंग्याला आली, आईनं कपबशी पुढं केली की पहिल्या घोटानंतर हे वाक्य ठरलेलं. सगळे हसतात. आई पण हसते. मी तर लहानपणापासून हसत आलोय.

असो. आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच चहांबद्दल. यंदा मे महिन्यात मुलगी पुण्याहून आली ती एक खोकं घेऊन. आत दोरा लावलेल्या पुड्या, म्हणजे टी-बॅगा. नऊ स्वाद, प्रत्येकाच्या चार-चार. किंमत विचारली तर म्हणाली, "बाबा, गिफ्टची किंमत विचारत नसतात." (नंतर खोक्याच्या बुडाला चिकटवलेली सापडली. तेवढ्या पैशात आमच्याकडं दोन महिन्यांची पत्ती येते.)

मग ठरलं की रोज दुपारी चारला एक प्रकार करायचा आणि चौघांनी दहापैकी गुण द्यायचे. चौघं म्हणजे आई, बायको, मुलगी आणि मी. गुण लिहायला भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान. निलंग्याच्या मे महिन्यात दुपारी चारला गरम चहा चाखत बसणं हा शहाणपणाचा उद्योग नाही हे मान्य, पण सुट्टीत नातीला आजीजवळ बसवायचं तर काहीतरी निमित्त लागतंच.

पहिल्याच दिवशी फजिती. बायकोनं सवयीनं ग्रीन टीची पुडी भगुन्यात टाकली, दूध-साखर घालून चांगला उकळला. जे तयार झालं त्याला गुण द्यायलाही कुणी धजेना. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, हे उकळायचं नसतं गं." दुसऱ्या दिवसापासून तिनं सूत्रं हातात घेतली. पाणी उकळवायचं, कपात ओतायचं, पुडी तीन मिनिटं बुडवायची, काढायची, दूध नाही. आई पदर सावरत बघत होती. "काय करलालीस गं त्या दोऱ्याला धरून? मासे धरतेत तसं?"

अर्ल ग्रे नावाचा जो प्रकार असतो, त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गातल्या फळाच्या सालीचं तेल असतं. इटलीच्या दक्षिण टोकाला कलाब्रियात ही फळं होतात. वास खरंच राजेशाही. चव मात्र बोथट, आणि रंग असा काळपट की आई म्हणाली, "साबणाच्या पाण्यात चहा केल्यावाणी." गुण चार. चमेलीचा चहा त्याहून बरा असायला हवा होता. चीनमध्ये तो करताना हिरव्या चहाच्या पानांत रात्री उमलणारी चमेलीची फुलं मिसळून ठेवतात, सकाळी काढून टाकतात, पुन्हा नवी फुलं घालतात, असं बऱ्याच रात्री चालतं. इतक्या मेहनतीनं आणलेला सुगंध आमच्या कपात आला आणि घोट घेताच गायब. तीन. काहव्यात केशर, वेलदोडा, दालचिनी, बदाम. त्याला सहा मिळाले, पण ते बदामाचे.

'हिबिस्कस' म्हणून एक होता. खोक्यावर जास्वंदासारखं फूल. मुलीनं मोबाइलवर पाहून सांगितलं, की ही लाल अंबाडी, तिच्या बोंडावरची लाल जाड पाकळ्यांसारखी आवरणं वाळवून हा करतात. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आता अंबाडी बी इकत आणायची? पुण्यातून?" आमच्याकडं शेताच्या बांधावर अंबाडी लावतात, पाल्याची आंबट भाजी कण्या घालून करतात, भाकरीबरोबर खातात. ती दोऱ्याला बांधून कपात बुडवायची हे तिच्या कल्पनेपलीकडचं होतं. तिनं रागानं शून्य दिला. मी सात दिले, कारण आंबट होता आणि ओळखीचा वाटला.

इथं माझं मत सांगून टाकतो. या खोक्यातल्या नऊपैकी चार प्रकारांत चहा नव्हताच. चहा म्हणजे चहाच्या झुडपाचं पान. अंबाडी, कॅमोमाइल, तुळस-आलं, गवती चहा हे काढे आहेत. चांगले काढे आहेत, पण काढे. 'शरीर शुद्ध करतो' असं खोक्यावर छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात. आणि स्वाद म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा नाकापुरता असतो. नाकाला एक सांगतो, जिभेला दुसरंच मिळतं. आपल्या आल्या-वेलदोड्याच्या चहात असं होत नाही, कारण ते चहाबरोबर उकळलेले असतात.

हे सगळं मी पाचव्या दिवशी मोठ्या रुबाबात बोललो. मुलगी गप्प बसून अर्ल ग्रेच्या दुसऱ्या कपाकडं बघत होती. मग म्हणाली, "बाबा, मी पुण्यात हाच प्यायले होते, म्हणून तर आणला. हा तो चहाच नाहीये. आणि यावर ही साय कसली? दूध तर घातलंच नाही."

खरंच होती. पातळ, तपकिरी, तुटकी तुटकी साय, कपाच्या कडेला चिकटलेली. मी ती जन्मभर पाहत आलोय. कोऱ्या चहावर ती असतेच असं मी धरून चाललो होतो.

या सायीवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पिरो आणि देओग्रातियास जगान्यी यांनी रीतसर अभ्यास केलाय, १९९३ साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असेल तर चहातल्या द्रव्यांची हवेशी क्रिया होऊन ही साय धरते. पाण्यात ते नसेल तर धरत नाही. म्हणजे जड पाण्याची ती सही आहे. लिंबू पिळलं तर साय धरत नाही, कारण आंबटपणानं बायकार्बोनेट नाहीसं होतं. इंग्लंडमध्ये हा प्रश्न इतका घरगुती आहे की तिथली यॉर्कशायर टी ही कंपनी जड पाण्याच्या गावांसाठी वेगळं मिश्रण विकते. आणि चीनमध्ये आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसानं चहावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात पाण्याची उतरंड लावलीय. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पहिलं, नदीचं दुसरं, विहिरीचं शेवटचं. आमचा काळ्या दगडात खोल गेलेला बोअर त्याच्या यादीत कुठं बसला असता, विचारू नका.

आम्ही साध्या पद्धतीनं खात्री केली. आमच्याकडं पिण्यासाठी वीस लिटरचा जार येतो. जारवाल्या पोराकडं क्षार मोजायची ती पेनासारखी काडी असते, ती त्यानं बोअरच्या पाण्यात बुडवली. आकडा अकराशेच्या वर. जारमध्ये साठ. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात पाचशे हा चांगला आकडा धरलाय, दुसरं पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालतं. म्हणजे आमचं पाणी विषारी वगैरे नाही. त्यावरच आम्ही वाढलो. चहाला मात्र ते मानवत नाही.

त्या संध्याकाळी तोच अर्ल ग्रे जारच्या पाण्यात केला. रंग लखलखीत तांबूस, कपाचं बूड दिसत होतं. साय नाही. आणि चव आली! चमेलीचा केला तर घोट गिळल्यावरही वास घशात राहिला. कॅलेंडरवरचे सगळे गुण खोडावे लागले. (पाच दिवस मी झाडलेली मतंही खोडायला हवी होती. काढ्यांबद्दलची तेवढी ठेवली.)

मग बायको एक साधी गोष्ट बोलली, आणि खरं तर हा लेख तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा होता. ती म्हणाली, "डाळ नाही का आपण जारच्या पाण्यात शिजवत? बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी कडकच राहते. मग चहाचं कसं लक्षात आलं नाही?"

लातूर म्हणजे तुरीचा जिल्हा. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे इथल्या कुठल्याही घरात विचारा. डाळ शिजली नाही तर कुणी बाईच्या हाताला नाव ठेवत नाही, म्हणतात, "पाणीच तसलं." मग चहा बिघडला की पाणी का आठवू नये? आमच्या घरात उत्तर होतं, "चहा तर उकळतोच की, त्याला बोअरचं चालतं." म्हणजे उकळलं की पाणी सुधारतं. थोडं सुधारतंही, काही क्षार खाली बसतात, भगुन्याच्या बुडाला तो पांढरा थर असतो तोच. पण थोडंच.

आणि दुसरंही एक आहे. लहानपणी वडिलांचं बोट धरून बसस्टँडकडच्या एका हॉटेलात जायचो. तिथला चहा म्हणजे तिथला चहा. वडील आणि त्यांचे मित्र काय म्हणायचे? "त्याच्याकडं गोड पाण्याची विहीर आहे." गड्याचा चहा चांगला झाला तर पाणी चांगलं. घरी बाईचा चहा वाईट झाला तर हात वाईट. हे मी हजारदा ऐकलं असेल, दोन्ही वाक्यं, कधी कधी एकाच दिवशी. ती शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं पन्नाशी येईपर्यंत सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनं काही न सांगता आमचा रोजचा चहा, रोजची पत्ती, तेच दूध, तेवढीच साखर, फक्त जारच्या पाण्यात करून आजीच्या हातात दिला. आईनं घोट घेतला. पुन्हा घेतला. बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "हा आत्याबाईंचा चहा आहे."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी.

मग हळूहळू तिच्याकडून जे कळलं ते असं. आमच्या वाड्यात आड होता. उथळ, पण पाणी गोड. आजीचा नावाजलेला चहा त्या आडाचा. १९७२च्या दुष्काळात आड आटला तो आटलाच. गल्लीच्या तोंडाशी हापसा आला आणि वाड्यातल्या बायका त्याच्यावर जायला लागल्या. दुष्काळाच्या त्या वर्षी दूध नाही, साखर मिळेल तेवढीच, गुळाचा कोरा चहा व्हायचा तोही कधीमधी. चवीची चर्चा कोण करणार? १९७३च्या उन्हाळ्यात आईचं लग्न झालं. अठराचीही नव्हती. आल्या आल्या आजीनं चूल तिच्या हवाली केली. पुढं पाऊस पडला, दूध आलं, साखर आली, दुधाचा चहा पुन्हा सुरू झाला, आणि तो केला नव्या सुनेनं. हापशाच्या पाण्यात.

सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की पूर्वी चहा चांगला व्हायचा आणि सून आल्यापासून होत नाही.

आजी खोटं बोलत नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. तिची जीभ बरोबर होती. चहा खरंच वाईट व्हायचा. तिनं कारण चुकीचं धरलं, कारण घरात ठसठशीत बदललेली एकच गोष्ट तिला दिसत होती आणि ती समोर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आडाचं पाणी गेलं याचं दुःख तिला असणारच, पण त्या पाण्यानं चहाही नेला हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

आईचं माहेर मांजरेच्या काठचं. तिथं नदीच्या पाण्याचा चहा व्हायचा. "माझ्या हातचा चहा प्यायला चुलते मळ्यातून यायचे," ती म्हणाली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, मग कधी बोलली का नाहीस? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं विचारलं नाही. नंतर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "मला वाटलं, इकडं आल्यावर माझाच हात बिघडला."

यावर मला जे वाटलं ते लिहायचा दोनदा प्रयत्न केला आणि खोडलं.

एक धागा आमच्या हातात येऊन सुटलाही होता. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलं, आमच्या शेजारचं. आमच्या वाड्याची एक भिंत गेली, माणसं वाचली. त्यानंतर बरेच दिवस आम्ही अंगणात, पत्र्याखाली झोपलो. वीज गेल्यानं बोअर बंद, पाणी टँकरचं. आई तीन दगडांच्या चुलीवर चहा करायची आणि तो इतका छान लागायचा की मला अजून आठवतो. आत्याही तेव्हा आमच्यातच होती. ती म्हणाली होती, "जीव वाचला की कसलाही चहा गोड लागतो." सगळ्यांना पटलं. मला तर ते वाक्य फार सुंदर वाटायचं. कॉलेजात असताना मी ते एका निबंधातही घातलं होतं. टँकरच्या पाण्याचा विचार कुणाच्याही मनात आला नाही.

आता प्रश्न असा की यापुढं चहा जारच्या पाण्यात करायचा का? वाटतं तितकं सोपं नाही. जारचं पाणी आरओच्या यंत्रातून येतं आणि असं यंत्र जेवढं पाणी गाळून देतं त्याहून जास्त बहुधा बाहेर टाकून देतं. आमचा जिल्हा म्हणजे, एप्रिल २०१६मध्ये ज्याच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरच्या स्टेशनात ती आली तेव्हा लोक बघायला गेले होते. त्या जिल्ह्यात बसून चमेलीचा वास घशात टिकावा म्हणून पाणी वाया घालवायचं हे मला जड जातं. बायकोचं म्हणणं, दिवसाला आठ कप चहाचं पाणी ते किती, आणि एवढी वर्षं एका बाईनं बोलणी खाल्ली त्याचं काय? हिशेब तिचाच बरोबर असावा.

तूर्त मधला मार्ग काढलाय. गच्चीच्या पन्हाळीखाली टाकी बसवलीय, पहिले दोन पाऊस सोडून पुढचं पाणी साठवलं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. जुलैत त्या पाण्याचा पहिला चहा केला, आल्याचा. त्याला कॅलेंडरवर जागा नव्हती म्हणून दारामागं पेन्सिलीनं लिहिलंय. आईनं दहापैकी नऊ दिले. एक गुण कशाचा कापला म्हणून विचारलं तर म्हणाली, "आडाचं पाणी ते आडाचं."

पुण्याच्या खोक्यातल्या काही पुड्या अजून शिल्लक आहेत. पुन्हा आणाल का म्हणाल तर चमेलीचा आणीन. अंबाडीचा कदापि नाही. आईनं यंदा बांधावरची बोंडं वाळवायला सांगून ठेवलंय, बघू काय होतंय. दारातल्या गोकर्णीच्या निळ्या फुलांचाही करून पाहिला. गरम पाण्यात फुलं टाकली की निळाशार, लिंबू पिळलं की जांभळा. शेजारची पोरं त्यासाठी रोज येतात. चव म्हणाल तर काहीच नाही.

आणि एक महत्त्वाचं, फक्त नातेवाइकांसाठी. दिवाळीला आत्या येणार आहे. चहा आईच करणार, टाकीतल्या पाण्याचा, ती बाटली तिनं आत्तापासून वेगळी भरून ठेवलीय. आत्याला पाण्याचं सांगायचं का म्हणून मी तिला विचारलं. तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. "आधी पिऊ दे. काय म्हणते ते ऐकू दे मला."

तेव्हा हे वाचणाऱ्या सगळ्या आते-चुलत भावंडांनो, कृपा करून दिवाळीपर्यंत तोंड बंद ठेवा.